सात हजार वेढे

चौदा एप्रिलची जयंती होऊन पाच दिवस झाले होते. पण आपल्याकडे जयंतीचे कार्यक्रम एका दिवसात थोडेच आटोपतात, ते एप्रिलभर गावोगाव चालतात. त्या दिवशी संध्याकाळी सहाला, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांना जिथे नवी घरं बांधून दिली होती, तिथे धनीरामभाऊंच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. गाडी चारला निघणार होती. आणि पार्टीत गिटार वाजवणारी भावना गजभिये सकाळी अकरापासून खात गावाकडच्या रोडवर आपल्या बापाच्या दुकानात मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत काय आहे हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

पिशवीत पिकअप होते. गिटारीच्या तारांखाली जी पट्टी असते, तारेची थरथर पकडून स्पीकरच्या बॉक्सकडे पाठवते, ती म्हणजे पिकअप. भावनाने नागपूरहून आणवलेले हे ॲक्टिव्ह होते; पोटात एक छोटं सर्किट, नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारं. त्यांच्यात गुणगुण नाही, खरखर नाही, आवाज धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. तिच्या गिटारीत सध्या जे बसलेले होते ते साधे, पॅसिव्ह. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची तार, संपलं. सेल नाही, सर्किट नाही. फक्त ती तार कंपनीने गुंडाळलेली नव्हती. यादोराव गजभिये यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळली होती.

यादोरावांचा धंदाच तो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली त्यांनी हे मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं, आणि त्याआधीही बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात तारा गुंडाळण्यातच गेलेली. तीन वर्षांपूर्वी पोरीच्या जुन्या गिटारीचे तिन्ही पिकअप मेले, तेव्हा हा माणूस केसाहून बारीक तार मिळवून तीन रविवार श्वास रोखून बसला. एकेका कॉइलला सात हजार वेढे. तार दोनदा तुटली, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. तेव्हापासून दुकानात पंप टाकायला आलेला कोणीही ती गोष्ट ऐकल्याशिवाय परत गेला नाही. "माया पोरीची गिटार माया कॉइलवर बोलते," हे ते अशा थाटात सांगत की समोरचा आपली जळलेली मोटार विसरून जाई.

आणि बोलायचीही ती. भावनाला तो आवाज मनापासून आवडायचा. बोट हलकं टेकवलं तर हलका, जोरात ओढलं तर रागावलेला. पण तारेला हात लावायच्या आधीच तो बॉक्समधून घूं करायचा. जिथे विजेची लाइन नीट नाही, अर्थिंगचा पत्ता नाही, वरून हॅलोजनच्या वायरी लोंबताहेत, तिथे तर विचारूच नका. गिटारीचं बटण बंद केलं की गुणगुण थांबे, पण मग गिटारही थांबे.

मागच्या रविवारी पार्टीची गायिका रत्नमालाताई गाव बुडाल्याचं गाणं म्हणत होती. त्याची सुरुवात नुसता आवाज आणि गिटार. एक ओळ झाली आणि ती थांबली, कारण दोन सुरांच्या मधल्या जागेत सगळ्यांना घूं ऐकू येत होतं. मागून कोणीतरी हसलं. परतताना धनीरामभाऊ शांतपणे म्हणाले की यापुढे एकदा जरी गुणगुणलं तर ती सुरुवात कीबोर्डवर होईल, आणि मग पार्टीत गिटारीचं काय काम उरतं ते भावनानेच सांगावं. आज तेच गाणं, ज्यांचं गाव खरंच पाण्याखाली आहे त्यांच्यासमोर होतं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग बापाला सांगायचं की. तिथेच तर घोडं अडलं होतं. यादोरावांना ती गुणगुण ऐकू येत नव्हती.

उभा जन्म मोटारींच्या घूंमध्ये गेलेला. त्यांच्या कानाला तीच शांतता वाटायची. पण गेल्या वर्षापासून गोष्ट त्यापुढे गेली होती. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. पाठमोरं बोललेलं पोहोचत नव्हतं. आणि यादोरावांचं नाव ज्याच्यावर चालायचं तो कानच होता. बाकीचे वाइंडिंगवाले मोटार मीटरवर तपासत. यादोराव नुसती मान तिरकी करून ऐकत आणि कोणत्या कॉइलमध्ये शॉर्ट आहे ते सांगत. सेलवर चालणारं मीटर त्यांच्याकडेही होतं, ड्रॉवरमध्ये, सेल मरून जमाना झालेलं. यंदाच्या उन्हाळी धानाच्या मोसमात चार मोटारी परत आल्या होत्या. यादोराव तारेच्या कंपनीला शिव्या देत होते. भावनाला खरं कारण ठाऊक होतं आणि ती गप्प होती. गुणगुण आहे म्हणावं, तर ती तुम्हाला ऐकू येत नाही हेही म्हणावं लागलं असतं.

आणि आजच सकाळी करडी गावच्या लक्ष्मणरावांची मोटार, दोनदा परत आलेली, यादोरावांनी तिसऱ्यांदा तार भरून फरशीवर चालवून पाहिली. मान तिरकी केली. चेहरा उजळला. भावनाला मात्र त्या आवाजाच्या पोटात बारीक घरघर स्पष्ट ऐकू येत होती. लक्ष्मणराव तीनला मोटार न्यायला येणार होते. त्यांच्या शेतात लाइन पाचला येते, आणि लोंबीवर आलेला धान चार दिवसांपासून पाण्याविना उभा होता. भावनाने तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाची तिला सकाळपासून लाज वाटत होती.

दीड वाजता तिने शेवटी पिशवी टेबलावर ठेवली, आणि ठरवून ठेवलेलं खोटं बोलून टाकलं. "बाबा, धनीरामभाऊ म्हनते का आता कंपनीचेच पिकअप पाहिजे. सगळ्या पार्ट्याईत तेच चालू हायेत."

यादोरावांनी खोकं उघडलं. चष्मा चढवला. सर्किटकडे पाहिलं, सेलच्या वायरीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तिला वाटलं की खोटं बोलूनही आपण काही वाचवलं नाही. सेलवर चालणारी वस्तू भर कार्यक्रमात दगा देते, एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले की काढून देतो, धनीरामच्या पार्टीत राहायचं तर त्याचं ऐकलं पाहिजे. पण काढायच्या आधी एकदा, शेवटचं, माझी कॉइल वाजवून दाखव.

तिने बॉक्स लावला, पिन घातली, बटण उघडलं. घूं करून आवाज दुकानभर पसरला. यादोराव समोर स्टुलावर बसून वाट पाहत होते.

"चालू केली ना?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. तिचे दोन्ही हात गिटारीच्या लाकडावर होते, तारांपासून दूर. ती वाजवणारच होती, पण हात उचलेना. लाइन आली की नाही हे पाहायला यादोराव वाकले आणि सवयीने, मोटारीवर ठेवतात तसा, त्यांनी बॉक्सच्या जाळीवर तळहात ठेवला.

हात तिथेच राहिला. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग तारांकडे. तारा अगदी स्थिर होत्या.

"तुया हात तारेवर नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मंग हे काय थरथरून राहिलं?"

तिने बटण बंद केलं. त्यांच्या हाताखालची थरथर थांबली. त्यांनी खुणेने सांगितलं, पुन्हा उघड. तिने उघडलं. पुन्हा बंद. पुन्हा उघड. असं चार वेळा झालं, आणि दर वेळी ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, तिथे तरी ऐकू येईल म्हणून. चौथ्या वेळी तिला रडू फुटलं.

"कवापासून?"

"पयल्या दिसापासून."

"अन् सांगतली नाही."

"सांगतली असती त तुमाले आयकू येत नाही हेबी सांगा लागलं असतं."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याकडे यादोरावांनी पाहिलं नाही. मग ते उठले आणि फरशीवरच्या लक्ष्मणरावांच्या मोटारीपाशी गेले. ती चालू केली. तिच्यावर हात ठेवला. पण चालती मोटार थरथरणारच, तळहाताला त्यातलं बरं-वाईट कसं कळावं. त्यांनी मान तिरकी केली, आणि मग सरळ केली.

"हे कशी बोलते?"

"घरघरते. सकाळीच आयकली मी."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "सकाळी आयकली अन् चूप बसली? गिटारीचं जाऊ दे, थो खेळ हाये. थ्या मानसाचा धान वाळून गेला असता, भावना. माया कान गेला त गेला, तुया त शाबूत होता ना?"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. बापाची लाज राखतो आहोत अशी तिची समजूत होती. वास्तविक तिने सगळं ओझं करडीच्या एका माणसाच्या शेतावर टाकलं होतं, आणि वरून स्वतःला गुणी पोरगी समजत होती.

यादोरावांनी मोटार बंद केली. कंपनीच्या खोक्यात पाहिलं. सेल त्यात नव्हताच.

"सेल आन," ते म्हणाले. "दोन."

"गिटारीले एकच लागते, बाबा."

त्यांनी उत्तर दिलं नाही. ड्रॉवर ओढला आणि धूळ बसलेलं मीटर काढून टेबलावर ठेवलं.

ती धावतच गेली आणि दोन सेल घेऊन आली. पहिला मीटरमध्ये गेला. मीटर लावून मोटार चालवली तर तीनपैकी एका फेजवरचा करंट बाकी दोन्हींपेक्षा बराच वर. घरघर आता आकड्यात दिसत होती. यादोरावांनी ते आकडे दोनदा वाचले आणि चष्मा काढून पुसला.

लक्ष्मणराव तीनच्या आधीच आले. मोटार अजून फरशीवर, मीटर लावलेली पाहून त्यांचा चेहरा पडला. भावनाला वाटलं, बाबा काहीतरी सबब सांगतील. तार खराब निघाली म्हणतील. ती सुद्धा मान डोलावायला तयार होती, एवढ्यावरूनही शहाणपण आलं नव्हतं. पण यादोराव उभे राहिले.

"लक्ष्मणराव, मोटार चुकली. तार चांगली हाये, चूक मायी हाये. मले आता बारीक आयकू येत नाही. म्हनून तुमची दोनदा परत आली."

लक्ष्मणराव गोंधळले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, त्यांना रागवावं की समजूत घालावी ते कळेना. यादोरावांनी दुकानातली स्वतःची जास्तीची मोटार पुढे सरकवली; ही घेऊन जा, लाइन यायच्या आत बसवा, तुमची दोन दिवसांत भरून देतो. लक्ष्मणरावांनी त्या मोटारीकडे पाहिलं, मग मीटरकडे.

"यादोरावजी, मीटरवर पाहून देजा, बस," ते म्हणाले. "भरून त तुमीच देजा."

मोटार रिक्षात चढली तेव्हा साडेतीन झाले होते. उरला अर्धा तास. यादोरावांनी गिटार टेबलावर पालथी न घालता, तान्ह्या पोराला निजवावं तशी उताणी ठेवली, तारा सैल केल्या आणि आपल्या तिन्ही कॉइल एकेक करून काढल्या. नव्या पिकअपच्या वायरी सोल्डर करताना ते बोलत होते, तिच्याकडे न पाहता. एक कॉइल सुलटी आणि एक उलटी घातली की गुणगुण गुणगुणीला मारते, हे त्यांना ठाऊक होतं. मोटारवाल्याला तेवढं कळतंच.

"सांगतली असती त तीन सालाआधीच करून देली असती," ते म्हणाले. "सेलबी लागला नसता."

दुसरा सेल बसला. तिने वाजवून पाहिलं. आवाज कसा आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि खरं सांग असं बजावलं.

"साफ हाये," ती म्हणाली. "तुमचा जास्त गोड होता."

त्यांनी जुन्या कॉइल कागदात बांधल्या आणि मीटरच्या जागी, त्याच ड्रॉवरमध्ये ठेवल्या. मग शर्टाच्या बाह्या खाली ओढून दुकानाचं शटर पाडलं. तेही गाडीत बसले. पोरीने यायला सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

संध्याकाळी त्या गावात माणसं मंडपाबाहेरपर्यंत उभी होती. त्रिशरण झालं, पंचशील झालं, चार गाणी झाली. हॅलोजनच्या वायरी डोक्यावर लोंबत होत्या. मग रत्नमालाताई माइकजवळ आली आणि धनीरामभाऊंनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. भावनाने बटण पूर्ण उघडलं.

यादोराव स्टेजच्या बाजूला बॉक्सपाशी उभे होते. त्यांनी जाळीवर तळहात ठेवला. काहीच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली; ऐन वेळी सेलने दगा दिला, आपल्या सोल्डरिंगने दगा दिला. त्यांनी पोरीकडे पाहिलं. मंडपात इतकी शांतता होती की मागे एका म्हातारीने घेतलेला श्वास भावनाला ऐकू आला. तिने बापाकडे पाहतच पहिली तार छेडली.

तळहाताखाली बॉक्स हलला. यादोरावांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात तिथून काढला नाही.