डावी की उजवी

आजारांना कोड लावायच्या त्या खोलीत एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: शंकेला कोड नाही. डॉक्टरांनी 'असावं', 'वाटतं' असं लिहिलं, तर नुसती 'गाठ' म्हणून नोंदवायची. अहवालाआधी नाव द्यायचं नाही.

रजेवरून परतल्यापासून जिला सगळे लाडाने 'बाळंतीण' म्हणत, तिला हा नियम तोंडपाठ होता. पण स्वतःच्याच डाव्या स्तनात गाठ लागली, सुईने तुकडा काढून तपासायला गेला, आणि तिने मनातल्या मनात सगळ्यात वाईट कोड लावूनही टाकला. बाळाला ती उजवीकडेच पाजायची. डावीकडचं दूध पिळून टाकताना तिला रडू यायचं.

समोरच्या टेबलावरच्या ताईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"अहवाल आला?"

"नाही. सोमवारी डॉक्टरीणबाई सांगतील."

"मग निदान कुणी केलं? तू? आणि नव्या पोरींना ओरडतेस! लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

स्वतःची फाइल स्वतः उघडायची नाही, म्हणून तिची फाइल ताईंकडेच जाणार होती. शुक्रवारी दुपारी ताई एका फाइलपाशी थबकल्या. चेहऱ्यावरची माशी हलेना. रुग्णाला निकाल डॉक्टरच सांगणार. ताईंना विचारण्यात अर्थ नव्हता. ताईंनी भराभर काहीतरी टाइप केलं आणि भरलेली बाटली घेऊन पाणी भरायला निघून गेल्या.

थोड्या वेळाने फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"अहो, गाठ डावी ना? मी बाजू लिहायला विसरले. तुमच्या ऑफिसातून चौकशी आलीये, साध्या गाठीच्या कोडाला बाजू लागते, रुग्णाशी आजच बोलून कळवा. 'आजच'खाली रेघ!"

"साध्या?"

"साधीच हो. कर्करोग नाही. बाकी सोमवारी बोलू."

"डावी," ती कशीबशी म्हणाली. "बाळाला... पाजू?"

"दोन्हीकडून, खुशाल."

ताई परत आल्या तेव्हा ती डोळे पुसत होती.

"ताई, फाइलला लावलेल्या माझ्या सोनोग्राफीच्या कागदावर ठळक लिहिलंय की 'डावी'."

"लिहिलंय? अगंबाई! चष्मा बदलायला हवा मेला. तू नीघ आता, पोर वाट बघत असेल."

घरी बाळाने डावीकडे तोंड लावलं आणि हक्काने मूठ तिच्या छातीवर ठेवली. ताईंचा चष्मा जन्मात बदलू नये, एवढंच तिने मागितलं.