इझेल ओटिसची पाटी

इझेल ओटिसची पाटी रस्त्यावरून हलली असती, तर ड्वाइट कलपेपरचा फायदाच फायदा होता. त्याच्या शिकारीच्या तळाच्या फाटकासमोरच ती उभी. हरणं मारायला आलेले पाहुणे गाडीतून उतरण्याआधीच वाचायचे : १९१९ साली या पुलावर गोऱ्या जमावानं इझेल ओटिस या निरपराध काळ्या माणसाला फासावर लटकवलं. मग न्याहारीला प्रश्न विचारायचे. त्या जमावातली आडनावं आमच्या मिसिसिपीतल्या घरांपुढच्या टपालपेट्यांवर अजून आहेत, त्यातलं एक ड्वाइटच्या पेटीवरही. त्यामुळे न्याहारी त्याला जड जायची.

नोव्हेंबरात पाटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्यांदा. ड्वाइट लगोलग काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, बैठकीत हजर, चेहरा मयताला आल्यासारखा.

"फार वाईट झालं. तुमच्या चर्चच्या मागच्या अंगणात हलवा, सुरक्षित तरी राहील."

मागच्या अंगणात! म्हणजे तिथं वाचणार आम्ही काळी माणसंच, आणि आम्हाला तर ते पाठ आहे.

काउंटीच्या पोलिसप्रमुखानं, शेरिफनं, मान डोलावली. "यात रंगाबिंगाचं काही नाही. शिकारीच्या दिवसांत पोरं दिसेल त्या पाटीवर बंदूक चालवतात."

व्हर्नेल ओटिस उठली. इझेल तिच्या आजोबांचा भाऊ. त्याच रस्त्यावर तिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली.

"दिसेल त्या? शेरिफसाहेब, सकाळी मी मोजून आले. पुलापासून महामार्गापर्यंत चौदा पाट्या. वळणाच्या पाटीवर भोकं शून्य. ड्वाइटच्या तळाची पाटी खाटेएवढी, तिच्यावर शून्य. एकीवर तर हरणाचं चित्र आहे हो, चांगलं शिंगांसकट. तिच्यावरही शून्य! इझेलआजोबांच्या पाटीवर अडतीस. तुमच्या शिकाऱ्यांना हरीण दिसत नाही, काळा माणूस मात्र बरोबर दिसतो?"

"हरणांना कळवायला हवं, मिस व्हर्नेल!" मागून आमच्या चर्चचा डीकन टर्नर ओरडला.

"आवाज जरा खाली, मिस व्हर्नेल," अध्यक्ष म्हणाले.

"बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय आहे. माणूस जिथं मारला, पाटी तिथंच राहील."

मतं पडली, तीन विरुद्ध दोन. पाटी जागेवर राहिली. पण त्याच दमात ठरलं, की नव्या पाटीला काउंटी छदामही देणार नाही. शेरिफच्या कागदावर गुन्हेगार 'अज्ञात'.

मग चर्चच्या बायकांनी चार शनिवार उभ्यानं मासे तळून विकले. कमी पडलेले पैसे व्हर्नेलनं पेन्शनमधून घातले.

तर भरलं कोणी? झाडणाऱ्यानं फक्त काडतुसांचं. ड्वाइटनं काही नाही, काउंटीनं काही नाही. बाकी सगळं आम्ही : तेव्हा माणूस, आता पाटी.