विहिरीवरची गंगू

पद्मजाकडे अर्धा तास उरला होता, आणि तेवढ्यात जगातला एक तरी अनोळखी माणूस तिला बोलता करायचा होता.

१९९९ सालचा तो रविवार. कॅम्प चार नावाच्या वस्तीतल्या लछूअंकलच्या सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघी बसल्या होत्या : दहावीतली पद्मजा आणि तिची मावसबहीण प्रज्ञा. समोर इंटरनेटवरचा खेळ. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. खेळात एक गाव. ज्याने त्याने आपलं सोंग घ्यायचं, काय करतो नि काय बोलतो ते इंग्रजीत लिहायचं. नव्या माणसाला मुदत सात दिवसांची. तेवढ्यात कुणी जुन्या रहिवाशाने त्याच्याबरोबर खेळून ‘याला मी ओळखतो’ असं लिहिलं तर ठीक, नाहीतर नाव पुसलं जायचं.

पद्मजाने सोंग घेतलं होतं विहिरीच्या मालकिणीचं. नाव ठेवलं गंगू, पणजीचं. खरी गंगू गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, वरून कुणी घागरीत पाणी ओतेल याची वाट बघत. म्हणून या गंगूला पद्मजाने अख्खी विहीरच देऊन टाकली होती. ते नाव आज पुसलं जाणार होतं.

लोहार आला. पद्मजाने लिहिलं, ‘नमस्कार. आपलं पूर्ण नाव काय? गाव कुठलं?’ लोहार निघून गेला. कोळीण आली, तीही गेली.

“अगं, तू काय जनगणनेला आलीयेस?” प्रज्ञा म्हणाली.

“मग ओळख कशी करायची? नाव-गाव नको विचारायला?”

“परवा वर्गातल्या त्या नव्या पोरीने तुला विचारलं, तेव्हा काय केलंस?”

ती पोरगी म्हणाली होती, “पद्मजा... पुढे काय?” त्या ‘पुढे काय’मध्ये ती काय शोधतेय ते पद्मजाला पक्कं ठाऊक होतं. पद्मजा बाटली भरायच्या निमित्ताने उठून गेली होती. आणि आठवडाभर ती स्वतः दिसेल त्याला तेच विचारत सुटली होती!

विठ्ठलवाडीला घरी असं नव्हतं. दारात पोस्टमन येवो की गॅसवाला, आई आधी तांब्या पुढे करायची. पाणी पिऊन होईपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही, हा तिचा कायदा.

“बेटा, लास्ट पाँच मिनट हं!” लछूअंकल ओरडले.

पडद्यावर ओळ उमटली : एक शिपाई लंगडत चौकातून जातो.

पद्मजाने बोटं मोडली. शाळेतलं इंग्रजी घासूनपुसून लिहिलं : गंगू पोहरा वर ओढते. तांब्या भरून विहिरीच्या काठावर ठेवते. काही बोलत नाही.

कर्सर नुसताच लुकलुकत राहिला.

“गेला वाटतं,” प्रज्ञा पुटपुटली.

शिपाई थांबतो. ‘हे माझ्यासाठी?’

‘मग काय विहिरीसाठी?’ गंगू म्हणते.

शिपाई हसतो, खाली बसतो. एका दमात तांब्या रिकामा करतो. बूट चावतोय म्हणून सांगतो. गंगू बूट काढायला लावते, पायावर पाणी ओतते. पद्मजाची बोटं आता थांबायला तयार नव्हती. स्पेलिंगं चुकत होती, तिला फिकीर नव्हती.

‘तुझं नाव काय?’ शिपायाने विचारलं.

‘गंगू.’

एवढंच तिने लिहिलं. आता विचारेल, पुढे काय?

पडद्याच्या तळाशी ओळ आली : गंगूला मी ओळखतो.

पद्मजाने प्रज्ञाच्या पाठीत असा धपाटा घातला की बाजूचं गिऱ्हाईक दचकलं.

“अरे, कीबोर्ड तोडेगी क्या?” लछूअंकल धावत आले. पडद्यावरची ओळ वाचून म्हणाले, “कोण होता?”

“शिपाई.”

“कुठला?”

“काय माहीत!” पद्मजाने पिशवी उचलली. “पाणी पिऊन गेला, अंकल.”