तीनदा लिहिलेला एकच आकडा

सोनोग्राफीच्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. मानेतल्या धमनीचं चित्र पडद्यावर गोठवायचं, तिच्या भिंतीच्या दोन कडांवर फुल्या ठेवायच्या, मधली जाडी मिलिमीटरमध्ये लिहायची; ती एकच्या वर गेली की धोका. असं तीन जागी. माझा हात इतका बसलेला, की डॉक्टर म्हणायचे, "बाईंनी मोजलंय ना? मग सही कुठे करू तेवढं सांगा."

आता तेच काम माझी लेक ठमी यंत्राला शिकवते. ते पापणी लवायच्या आत शंभर जागी मोजतं. पडताळणीसाठी तिने आमचीच जुनी चित्रं घेतली होती. रुग्णांची नावं काढलेली, नुसते क्रमांक. मोजमापं माझी.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. "आई, सहाशे चित्रांत तुझं आणि यंत्राचं गुळपीठ आहे. फक्त चारशे बारा नंबरच्या चित्रात बिनसलंय. सगळ्यात जाड जागा ते १.४ सांगतं, तू ०.७. यंत्रच घसरलं असणार. काढून टाकते."

"बघू."

चित्राखाली माझ्या अक्षरात तीन आकडे होते. ०.७, ०.७, ०.७.

तीन जागांचे आकडे इतके तंतोतंत सारखे सहसा येत नाहीत. एकदा मोजून तेच तीनदा उतरवलं तर येतात. आणि तसं मी जन्मात एकदाच केलं होतं. काम संपल्यावर ह्यांना टेबलावर झोपवलं होतं. मानेला जेल लागताच हे गुदगुल्यांनी हसायला लागले. "आटप गं, भूक लागलीय. घरच्या माणसाला काय तीनदा मोजायचं?" मीही हसले, आणि एका जागेवर भागवलं.

आठ महिन्यांनी हे पक्षाघाताने गेले. तपासणी स्वच्छ होती, कसली चाहूलच नव्हती, असं मी आजवर ठमीला, तिच्या दादाला, सगळ्यांना सांगत आले.

"टाकू ना?" ठमीने विचारलं.

"नको. यंत्र बरोबर आहे. हे तुझे बाबा आहेत."

मी सगळं सांगेपर्यंत ती पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "कुठे मोजलं होतंस?"

मी जागा दाखवली. तिथे यंत्राचाही आकडा ०.७ होता. तिथून पुढे भिंत फुगत गेली होती.

"आणि दुसऱ्या जागेचं माप कुठे घेतलं असतंस?"

मी बोट ठेवलं. १.४.

ठमीने माझं बोट पडद्यावरून हलकेच बाजूला केलं. "दादाला तू सांगतेस की मी सांगू?"

"मी," म्हटलं, "फोन लावून दे."