भोंगा आणि गस

त्या कॅन्ससमधल्या गावात वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी दर बुधवारी दुपारी होते. अशाच एका बुधवारी नगरसेविका मार्लीस आपल्या ओसरीवर, गावाचा कारभार पाहणाऱ्या सिटी मॅनेजर टिंडलशी बोलत बसली होती. समोर म्हाताऱ्या शेजारणीच्या, व्हर्नाच्या घराचा नुसता चौथरा उरला होता. गेल्या महिन्यातल्या चक्रीवादळाने घरासकट व्हर्नाला नेलं होतं.

"भोंगा वाजला होता हो, मार्लीसबाई. वाऱ्यात तुम्हालाही ऐकू आला नाही, म्हातारीला काय येणार? भोंगा वाजवलाच नाही म्हणून नगरपालिकेच्या सभेत मला धरतील, तेवढं माझ्या बाजूने बोला."

"बोलेन की." त्याला या नोकरीवर तिनेच तर आणलं होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. पायाशी पेंगणारा तिचा कुत्रा गस ताडकन उठला आणि मान वर करून रडू लागला.

"हा नेहमीच असा गळा काढतो?" टिंडल हसला.

"नेहमीच. दारं-खिडक्या बंद असोत, वारा सुटलेला असो, याला ऐकू जातोच," मार्लीस म्हणाली, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. वादळाच्या त्या संध्याकाळी गस तिच्या पायाशी पडून होता. हूं नाही की चूं नाही.

भोंगा थांबला. गस मात्र चौथऱ्याकडे तोंड करून रडतच राहिला.

"मग सभेचं..." टिंडल चाचरत म्हणाला.

"थांबा," मार्लीस म्हणाली. "आधी त्याचं बोलून होऊ द्या."