भिजत घातलेली होडी

भाचेसून शिडीवर चढून आढ्याला टांगलेल्या होडीची मापं घेत होती आणि खाली भाचा वहीत आकडे लिहीत होता.

"मधोमध कापली की दोन सारखे तुकडे निघतील," ती वरून म्हणाली. "एकाचं काउंटर. दुसरा भिंतीला उभा करायचा, आत फळ्या मारून कपबश्या ठेवायच्या. आत्या, कशी वाटते कल्पना?"

आत्या दारात खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती.

"कल्पना छान आहे," ती म्हणाली. "होडी कापू नका."

भाच्याचं पेन थांबलं. आत्या सहसा कशाला नाही म्हणत नसे. अर्ध्या शेडमध्ये कॉफीचं दुकान काढायचं ठरलं, तेव्हाही तिने 'खिडक्या मोठ्या ठेवा' एवढंच सांगितलं होतं. नदीकाठाने आता फिरायला फरसबंद रस्ता झाला होता. माणसं कुत्री घेऊन येत, पोरं सायकली घेऊन येत, त्यांना घटकाभर टेकायला जागा हवी हे तिला पटत होतं.

"अगं, पन्नास वर्षं नुसती धूळ खातेय ती," भाचा म्हणाला.

"बावन्न. आणि एकदाही पाण्यात गेलेली नाही. ती तरते की बुडते ते मला बघायचंय. बुडाली तर करवतीचं एक टोक मी धरते."

आत्याच्या लहानपणी या काठाला ओळीने अकरा शेड होत्या आणि प्रत्येकीत एखादी तरी होडी उपडी पडलेली असे. सकाळी ठोकाठोक सुरू झाली की घड्याळ बघायची गरज नसे. डांबराचा वास कपड्यांना यायचा, केसांना यायचा, दुधाच्या पातेल्यालासुद्धा यायचा. होडी बांधून झाली की दोन फळ्यांमधल्या फटींत सुताचे पीळ ठासून भरायचे आणि वरून डांबर फासायचं, हे शेवटचं काम. पीळ वळायचे पोरींनी, ठासायचे पुरुषांनी. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं.

या होडीच्या वेळी मात्र ठासणारा कारागीर कंबर धरून अंथरुणावर पडला. होडी सांगितली होती ती पैलतीरी माणसं नेणाऱ्या नावाड्याने, आणि तो रोज दारात येऊन घाई करत होता. शेवटी आत्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, एकोणीस वर्षांच्या बहिणीच्या हातात छिन्नी आणि लाकडी मोगरी दिली. फटीत जागा असेल तोवर मोगरीचा आवाज बद्द येतो, फट गच्च भरली की तो खणखणीत होतो. हे ऐकत ऐकतच ती मोठी झाली होती. नऊ दिवसांत तिने अख्खी होडी भरली.

आणि दहाव्या दिवशी पूल उघडला. नावाड्याने पुलावरून चार फेऱ्या मारून पाहिल्या आणि येऊन सांगितलं, "दादा, होडी राहू दे. मी बसवर कंडक्टर म्हणून लागतोय."

होडी आढ्याला गेली. एकेक करून शेड बंद पडल्या. भाऊ गेला, भाचा फायबरच्या होड्या दुरुस्त करू लागला. आत्याने शाळेत शिवण शिकवलं, हजारो पोरींचे टाके तपासून पास-नापास केले. तिच्या स्वतःच्या त्या एका कामाचा निकाल तेवढा लागायचा राहून गेला.

"बघा बाई, सुतार शनिवारी सकाळी येणारेत," भाचेसून खाली उतरत म्हणाली. "आज रविवार."

"पुष्कळ झाले दिवस."

सोमवारी भाचा एका गिऱ्हाइकाची होडी पोचवायला दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेला. जाण्यापूर्वी त्याने साखळीवरून जुनी होडी खाली उतरवून दिली. बाकीचं भाच्याच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसांनी केलं. आणि ती उतरल्याची बातमी लागताच रंधाकाका काठी टेकत हजर झाले. या होडीच्या फळ्या त्यांनीच बसवल्या होत्या. कुणी काही बोललं की त्यातलं थोडंफार तासून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून तरुणपणीच त्यांचं नाव रंधा पडलं आणि पुढे वयामुळे त्याला काका चिकटलं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ते म्हणाले. "हिने भरलेल्या होडीत बसायचं तर आधी पोहायला शिका."

"शिकलात का मग?" आत्या म्हणाली. "बावन्न वर्षं मिळाली."

होडी पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यात लोटली. चाळणीतून यावं तसं पाणी चहूकडून आत आलं आणि अर्ध्या तासात ती काठापर्यंत बुडाली. आत्याने माणसांकडून तिच्यात मोठाले दगड ठेवून घेतले आणि हात झटकले.

फिरायला आलेले एक गृहस्थ बूट काढून धावले. "आजी, तुमची होडी बुडाली."

"हो, मीच बुडवली. कडधान्य भिजत घालतो ना आपण, तसं. सुकलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं, फळीला फळी भिडते आणि मधलं सूत आवळलं जातं. तुम्ही बूट घाला, पाय गारठतील."

बुधवारी आत्या डोळे तपासायला शहरात गेली, सोबत भाचेसून. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. त्याच सकाळी भाचा परतला. पायऱ्यांशी येऊन बघतो तर होडी काठापर्यंत पाण्याखाली. त्याला वाटलं, आत्या हरली, आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही. फायबरच्या होड्यांमध्ये वाढलेल्या माणसाला पाण्याखाली गेलेली होडी म्हणजे मेलेलीच होडी. त्याने दगड काढले, पंप लावला, शेडमधल्या होड्या ओढायच्या चाकावर दोर गुंडाळून तिला एकट्याने वर ओढली, उन्हात उपडी घातली आणि लवकर वाळावी म्हणून दुकानातले दोन्ही मोठे पंखे तिच्यावर सोडले.

दुपारी चारला दोघी आल्या तेव्हा तो घामाघूम होऊन हसत उभा होता. "काळजी करू नकोस आत्या. वाचवली मी तिला. बघ, कशी खडखडीत वाळलीय."

आत्या खुर्चीवर बसली.

"अहो," भाचेसून म्हणाली, "त्यांनी ती भिजत घातली होती."

"होडी? होडी कोण भिजत घालतं?"

"तुझा बाप घालायचा," आत्या म्हणाली. "प्रत्येक."

भाच्याचा चेहरा असा पडला की आत्यालाच हसू आलं. तो बायकोकडे वळला. "सुतारांना पुढे ढकलता येईल?"

"पुढे म्हणजे पावणेदोन महिने. विचारून झालंय."

"शनिवार म्हणजे शनिवार," आत्या म्हणाली. "लोट परत पाण्यात."

त्यानंतर भाच्याने प्रायश्चित्तच घेतलं. वरच्या ज्या फळ्या पाण्याबाहेर राहत होत्या त्यांच्यावर गोणपाट टाकून तो दर दोन तासांनी बादली ओतून येई. रंधाकाकाही रोज येऊन बसत.

"दोन दिवसांत काय फुगणार," ते म्हणाले. "थोडं पुट्टी लाव. कुणाला कळतंय?"

"मला."

"तुझा हट्ट आहे तसाच आहे."

"तुमची जीभ कुठे झिजलीय?"

एवढं बोलली खरी, पण शुक्रवारी जेवताना तिने भात चिवडला आणि तसाच ठेवला. भाचेसुनेने ताट उचललं.

शनिवारी सकाळी दोन्ही सुतार करवत घेऊन आले आणि पायऱ्यांवर चहा पीत बसले. आत्याने साडीचा काठ खोचला आणि सगळ्यांना नको नको म्हणू देत ती गुडघाभर पाण्यात उतरली. दगड निघाले. भाचा बादलीने पाणी उपसू लागला. शंभर बादल्या झाल्या तरी होडी जागची हलेना. मग तिचा काठ बोटभर वर आला, मग वीतभर. भाच्याने हात थांबवला. सगळे आत वाकून बघू लागले. फटींवर घामासारखे थेंब होते, ते वाढले नाहीत. पण तळाशी, उजव्या बाजूला, करंगळीएवढी धार उसळत होती.

"झालं," रंधाकाका म्हणाले.

आत्या होडीत चढली, ओल्या तळाशी बसली आणि नवा चष्मा पुसून तिने धारेवर बोट ठेवलं. बोट सरकवत फटीपर्यंत नेलं, परत आणलं. चार बोटांचं अंतर होतं.

"फट नाही ही," ती म्हणाली. "फळीच्या मधोमध आहे. लाकडाची गाठ निसटून भोक पडलंय. काका, फळी कुणी निवडली होती?"

सगळे काकांकडे बघू लागले. काका काठी भाच्याच्या हाती देऊन होडीत उतरले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले.

"त्या दिवशी लाकूड कमी पडलं होतं," ते अखेर म्हणाले.

"आणि बावन्न वर्षं मला बोलताय."

"बोलायला काहीतरी हवं ना." त्यांनी गाठीवर अंगठा दाबला. धार थांबली. मग ते एका फटीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवत गेले, पार हात पुरेल तिथपर्यंत. "फटी चांगल्या भरल्यास. तुझ्या भावाने भरल्या असत्या तर इतक्या टिकल्या नसत्या."

आत्याने चष्मा काढून पुन्हा पुसला.

"मग कापायचं काय?" सुतारांनी विचारलं.

भाचेसुनेने शेडकडे पाहिलं. "ते मागचं मोठं दार आहे ना, ते काउंटर म्हणून आडवं घाला. कपबश्यांचं बघू."

"आणि आपण निघायचं का?" आत्या म्हणाली. "पैलतीरी नेण्यासाठी बांधलीय ती."

भाचा वल्ही घेऊन बसला. त्याच्या हाताला इंजिनाची सवय असल्यामुळे होडी आधी दोनदा स्वतःभोवती फिरली आणि काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग ती सरळ झाली. पुलावरून एक बस गेली, खिडकीतून कुणीतरी हात केला, आत्यानेही केला. पाणी फळ्यांना चापट्या मारत होतं आणि आत तळाशी घोटभरसुद्धा साचलं नव्हतं.

पलीकडच्या वाळूला होडी लागली. भाच्याने आधी उडी मारून आत्याला हात दिला. तिने वाळूवर पाय ठेवला, पदर सारखा केला आणि मागे वळून पाहिलं. काका गाठीवर अंगठा दाबून तसेच बसले होते.

"मी काय करू?" ते म्हणाले. "उठलो तर पाणी येईल."

"मग बसा," आत्या म्हणाली. "आम्ही जरा फिरून येतो."