कारण शिल्लक नाही

आमच्या कॉलेजात प्रवेश घेताना शिकण्याचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि एक कारण एकालाच मिळतं. नियम माझा नाही, मला शिव्या घालू नका. मी फक्त तीन नंबरच्या खिडकीत बसते, रजिस्टर उघडते आणि "घेतलंय कुणीतरी, दुसरं सांगा" असं दिवसातून दोनशे वेळा म्हणते. घसा बसलाय माझा.

नियम का झाला, तर म्हणे पूर्वी एका वर्षी चारशे मुलं एकाच कारणाने आली होती. एका दुपारी ते कारण संपलं आणि चारशेच्या चारशे दप्तरं उचलून घरी गेली. प्राध्यापक रिकाम्या बाकांना शिकवत राहिले. आठवड्याने शिपायाच्या लक्षात आलं, तेव्हा कुठे बोंबाबोंब झाली.

पास होऊन जाणाऱ्याचं कारण मोकळं होतं. खरी कटकट इथेच आहे, कारण चांगली चांगली कारणं नापासांनी अडवून ठेवलीत. 'वडिलांची इच्छा' चौदा वर्षं एकाच माणसाकडे आहे. वडील थकले, इच्छाही थकली, पण हा पठ्ठ्या दुसऱ्या वर्षातून हलायला तयार नाही. 'चांगली नोकरी' रसायनशास्त्राच्या एका बाईंकडे आहे. त्यांना नोकरी लागून सहा वर्षं झाली, तरी दर वर्षी एक पेपर मुद्दाम राखून ठेवतात. मग नवी पोरं काय काय घेऊन येतात! 'आत्याच्या नणंदेची इच्छा.' 'शेजारचा शिकतोय, त्याला एकट्याला शिकू द्यायचं नाही.' एकाने तर सरळ लिहिलं, 'वर्गातला पंखा घरच्यापेक्षा जोरात फिरतो.' दिलं मी त्याला. दर वर्षी पहिला येतो तो.

रांगेतल्या नव्यांना सल्ले द्यायला जुने विद्यार्थी जिन्यात ठाण मांडून बसलेले असतात. मोठं कारण मागू नका, बारीक मागा. खिडकीतल्या बाईंना हसवू नका, चिडतात. रडून बघा. रडून काही होत नाही, मी सांगते. माझा स्वतःचा सल्ला मी काचेवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय: घरच्यांनी लिहून दिलेला कागद आणू नये. तो सल्ला कुणी वाचतं का? नाव नको.

शेवटच्या दिवशी पाच वाजता रजिस्टर बंद होतं. तोवर कारण मिळालं नाही, तर जागा गेली. पुन्हा अर्ज करता येत नाही, पुढच्या वर्षीही नाही, कधीच नाही. त्या शेवटच्या दिवशी, पाचला वीस मिनिटं असताना, एक किल्ल्या बनवणारे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन खिडकीशी आले. आणि हातात काय? कागद!

"एकतीस कारणं आहेत," ते म्हणाले. "सगळं घर बसलं होतं लिहायला. 'मुलगी शहाणी व्हावी.'"

"घेतलंय."

"'स्वतःच्या पायावर उभी राहावी.'"

"घेतलंय. वर तिघे वाट बघताहेत."

"'आमच्या घरात आजवर कुणीच शिकलं नाही.'"

"अहो, त्याची यादी जिन्यापर्यंत गेलीये."

"मग 'सगळेच शिकलेत' असं लिहू का?"

"खोटं बोलता होय? आणि तेही घेतलंय."

असं करत एकतिसावं संपलं तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. त्यांनी दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवले. बोटं कानशीने घासून काळी पडलेली. "बाई, पोरीचं नुकसान करू नका हो. दुकानात एका कोपऱ्यात बसून अभ्यास केलाय हिने. मी दिवसभर कर्रकर्र करायचो, हिने एकदा म्हणून तक्रार केली नाही."

माझा जीव काही दगडाचा नाही. पण मी काय करणार? पाचला दहा कमी होते. मी त्यांना हातानेच बाजूला सारलं आणि मुलीला म्हटलं, "तू बोल गं. तुला कशाला शिकायचंय? बाबांकडे बघू नकोस. तोंड आहे ना तुला?"

"आमच्या इमारतीत लिफ्ट आहे," ती म्हणाली. "ती वर जाते ना, तेव्हा भिंतीआडून काहीतरी खाली येतं. मी कान लावून ऐकलंय. लिफ्टवाल्या काकांना विचारलं तर म्हणतात, माझं काम बटण दाबायचं. बाबांना विचारलं तर म्हणतात, जिन्याने जात जा. मला कळत नाही ते काय आहे. म्हणून."

"अगं ए!" बाबांनी कपाळावर हात मारला. "एवढ्यासाठी कॉलेज? नातेवाइकांना काय सांगू मी?"

मी रजिस्टर पुढे ओढलं. 'क'चं पान उघडायचं होतं, आणि हात उघडायला तयार नव्हता. रजिस्टरात लिफ्ट, पंखे, चंद्र असं वेगवेगळं लिहीत नाहीत, सगळं एकाच नोंदीत बसतं: 'कळत नाही म्हणून.' इतक्या वर्षांत ते कारण मागायला कुणीही आलं नव्हतं. एकही नाही. पान खालच्या पानाला चिकटलं होतं, ते मी नखाने सोडवलं. नोंदीपुढे माझं नाव होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी मी इथेच दुसऱ्या वर्षाला होते. आई आजारी पडली, दोन महिन्यांची रजा घेतली. परत आले तर या खिडकीतला कारकून पळून गेला होता. साहेब म्हणाले, "आठवडाभर बस जरा." बसले. आठवडा अजून संपायचाय. पण नाव मी कधी खोडलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, सध्या काय करतेस, तर मी अजूनही "शिकतेय" असंच सांगते. लोक हसतात. हसू देत.

"घेतलंय," मी म्हटलं.

"कुणी?" मुलीने विचारलं.

हा प्रश्न त्या खिडकीत आजवर कुणी विचारला नव्हता. "मी," म्हणून गेले.

किल्लीवाल्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला. "चल बाळा," ते म्हणाले. पण ती हलेना.

"तुम्हाला काय कळत नव्हतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. मला सगळं आठवत होतं. भिंतीकडचा तिसरा बाक, सरांच्या बाहीला लागलेला खडू. मी उभी राहून विचारलं होतं, वर्ग हसला होता, पण सर हसले नव्हते. "सवडीने सांगतो, वेळ लागेल याला," असं म्हणाले होते. त्या दिवशी मी उड्या मारत घरी गेले होते. पण विचारलं काय होतं? आठवेना. शिक्क्यांच्या खणात बघितलं. टेबलाखाली बघितलं. शेवटी दारातून ओरडले, "साहेब, मी तेव्हा काय विचारलं होतं हो?"

आतून आवाज आला, "अर्ज करा."

मला रडू फुटलं. काचेच्या आत, त्या दोघांच्या देखत, भोकाड पसरून रडले मी. कसला तो माझा हट्ट! जे आठवतही नाही, त्यावर सव्वीस वर्षं बसून राहिले होते आणि दुसऱ्याला हात लावू द्यायला तयार नव्हते. माझी मलाच इतकी चीड आली की पेन घेऊन नाव खोडलं ते पान फाटेस्तोवर.

शेजारच्या रकान्यात सोडण्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'आठवत नाही.' साहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन रजिस्टर बंद करायला आले, त्यांनी ते वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे आधी कुणी घेतलंय का?"

"नाही साहेब."

"मग ठीक," म्हणून त्यांनी सही केली.

मुलीचं नाव लिहिलं, शिक्का मारला. पाचला एक मिनिट होतं. किल्लीवाले हात जोडून काय काय बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. दोघं जिन्यापर्यंत गेली आणि मुलगी धावत परत आली. काचेला नाक लावून म्हणाली, "मावशी, आठवलं की मला सांगा. मी वर्गात विचारून येईन."

"हो, हो, निघ आता," मी खेकसले. नाक पुसलं आणि ओरडले, "पुढचा!"

पुढे कुणीच नव्हतं.